दहावी-बारावीच्या मुलांसाठी रविवारची बैठक

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता मंडळाच्या सभागृहात आपल्यातलेच चार सभासद आपापल्या कामाविषयी मुलांशी बोलणार आहेत: एक सीए, एक नर्स, एक वकील आणि एक फिटर.

टक्के किती लागतात हे मुलांना माहीत असतं. दिवसभर काम काय असतं, हे कुणी सांगत नाही. सीए म्हणजे फाउंडेशन, इंटरमीडिएट आणि फायनल या तीन परीक्षा, शिवाय २ वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम. त्या काळात विद्यावेतन तुटपुंजं असतं आणि एप्रिलमध्ये बँक-शाखांच्या ऑडिटला रात्री उशिरापर्यंत बसावं लागतं. तयारी असेल त्यानेच उतरावं, असं मला मनापासून वाटतं.

नर्सिंगचा जीएनएम हा पदविका अभ्यासक्रम ३ वर्षांचा, बीएस्सी ४ वर्षांचा. तीन पाळ्यांची ड्युटी असते आणि पाळी बदलताना प्रत्येक खाटेवरच्या रुग्णाचं औषध, सलाईन, लघवीचं प्रमाण पुढच्या सिस्टरला सांगूनच निघायचं. वकिलीत सनद (वकिली करण्याचा परवाना) मिळाली तरी सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातात, त्याबद्दल वकीलसाहेब स्वतः बोलतील.

आयटीआयला कृपया कमी लेखू नका. फिटरचा ट्रेड २ वर्षांचा आहे आणि तो पूर्ण केल्यावर अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाटही खुली आहे.

पालकांनीही यावं, पण प्रश्न मुलांना विचारू द्यावेत. पगार, सुट्ट्या, त्रास, काहीही विचारलं तरी चालेल. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवा, खुर्च्या मांडायच्या आहेत.