अरबी शिकवा, पण कामाची

संपादक महोदय,

महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्याकडेही जर्मन भाषेच्या वर्गांचा विषय निघतो. निघू द्या. पण दारव्हा, दिग्रस, पुसद भागातली माझ्या ओळखीची जी पोरं आयटीआय करून बाहेरदेशी जातात, ती अजून तरी सौदी, कतार, ओमानलाच जातात. त्यांना अरबी शिकवायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. ज्यांच्या येतं, ते चुकीच्या जागेवरून सुरुवात करतात.

मी सौदीतल्या दम्माम आणि जुबैलला इलेक्ट्रिशियन होतो. आता दारव्हा तालुक्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. संध्याकाळी लाइन गेली की जाण्याच्या तयारीतली पोरं दुकानात बसतात आणि मी त्यांना थोडं अरबी बोलायला लावतो. कोणी मोबाइलवरचे धडे पाठ करून येतो: मी डॉक्टर आहे, मी वैमानिक आहे, माझे वडील वकील आहेत. बाप तुरीत फवारणी करतोय आणि हा त्याला अरबीत वकील करून मोकळा!

तिथे साइटवर हिंदीत भागतं, हे खरं आहे. फोरमन बहुतेक केरळचा, शेजारचा बिहारचा नाही तर पाकिस्तानचा. पण मुलाखत घेणारा इंजिनिअर इजिप्तचा निघाला, दवाखान्यात किंवा कामगार कार्यालयात जायची वेळ आली, तर हिंदी संपते. म्हणून मी पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न धरतो, ‘एश शुग्लक?’, म्हणजे तुझं काम काय. उत्तरात नुसतं ‘अना कहरबाई’ म्हणून सुटका नाही. इलेक्ट्रिशियन आहेस ना, मग पॅनल बसवतोस की वायर ओढतोस? थ्री फेजवर हात आहे का? किती वर्षांचा अनुभव? ‘इंदी खिब्रा सनतैन’, दोन वर्षांचा. आधी मराठीत सांग, मग तेच अरबीत. स्वतः केलेल्या कामाचं वाक्य पोरगा विसरत नाही.

धंद्यांची नावं लक्षात ठेवायला एक सोय आहे. सुतार नज्जार, लोहार हद्दाद, शिंपी खय्यात, आचारी तब्बाख. मधलं अक्षर दुप्पट झालं की धंदेवाला. आपले हमाल, दलाल, सराफ याच साच्यातून आले, हे सांगितलं की पोरं हसतात आणि साचा डोक्यात बसतो. उच्चाराची मात्र आधीच कल्पना द्यावी: इजिप्तचा माणूस नज्जारला नग्गार म्हणेल. पुस्तकी अरबी वेगळी आणि बाजारातली वेगळी, त्यामुळे कानाला दोन्हींची सवय हवी.

खरी अडचण पुढची आहे. ‘दोन वर्षांनी काय करशील?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘जे भेटन ते करीन, सर.’ हे अरबीत कसं शिकवू? ‘अब्गा असीर मुशरिफ’, मला सुपरवायझर व्हायचंय, हे वाक्य शिकायला पाच मिनिटं लागतात. पण आपल्याला सुपरवायझर व्हायचंय हेच पोराने आधी ठरवलेलं नसतं. म्हणून एक संध्याकाळ मी अरबी बाजूला ठेवली आणि प्रत्येकाला मराठीत बोलायला लावलं. एक म्हणाला, घर बांधाचं हाये. एकाला परत येऊन विद्युत ठेकेदारीचं लायसन्स काढायचंय. दिग्रसकडच्या तांड्यावरचा एक पोरगा गप्पच बसला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, मले एसीचं काम शिकाचं हाये, पंख्याचं नाई. घरी गोरमाटी (बंजारा बोली), शाळेत मराठी, बाजारात हिंदी बोलणाऱ्या त्या पोराला आणखी एका भाषेची भीती नव्हती, आणि आता वाक्यही सापडलं.

दुसरी गोष्ट वाचनाची. सौदीच्या श्रम कायद्याप्रमाणे करार अरबीत असावा लागतो. सोबत दुसऱ्या भाषेतला मजकूर असला तरी वाद झाल्यास अरबीच धरली जाते. आमच्याच भागातल्या एकाला एजंटाने इलेक्ट्रिशियन म्हणून नेलं. कागदावर ‘मिहना’, म्हणजे पेशा, या शब्दापुढे ‘आमिल’ लिहिलं होतं, साधा मजूर. पगार मजुराचा मिळाला आणि भांडायला कागद उरला नाही. एवढे दोन शब्द त्याला वाचता आले असते, तर तो मुंबईतच थांबला असता. काम दिवसाला आठ तास, आठवड्याला 48. वर्षाला किमान 21 दिवस भरपगारी रजा. नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी अर्ध्या महिन्याचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी पूर्ण महिन्याचा पगार, हे तिथल्या कायद्यातच आहे. तेव्हा रातिब (पगार), इजाजा (रजा), इदाफी (जादा तास) हे शब्दही सुरुवातीलाच यायला हवेत. ‘कम रातिब?’ विचारायला लाजणाऱ्या पोराला मी दहा वेळा मोठ्याने विचारायला लावतो.

शिकवणार कोण, असं आयटीआयवाले विचारतील. गावोगाव मकतबात, म्हणजे कुराण वाचायला शिकवणाऱ्या शाळेत, शिकलेली माणसं आहेत. त्यांना अक्षर न् अक्षर वाचता येतं, पण बोलायचा सराव नाही. आखातातून परतलेले आहेत. ते फडाफड बोलतात, पण त्यातल्या अनेकांना वाचता येत नाही. दोघांना एका वर्गात उभं करा. सहा महिने, आठवड्यातून दोन तास, दुसऱ्या वर्षाच्या पोरांसाठी आणि सगळ्या जातीधर्माच्या. सौदीला जाणाऱ्या बऱ्याच ट्रेडना आता निघण्याआधी कौशल्य चाचणी द्यावी लागते. तिच्या तयारीलाच हा वर्ग जोडता येईल.

तालुक्याच्या आयटीआयने बोलावलं तर मी मानधनाशिवाय यायला तयार आहे. फक्त वर्ग पावसाळ्याच्या तोंडावर सुरू करा. हरभऱ्याचं ओलित सुरू झालं की मोटारी जळायला लागतात आणि मला दुकान सोडता येत नाही.

आपला वाचक,
एक मोटार वाइंडर, ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(नाव व पत्ता संपादकांकडे)