वाइनमधला मसाला जिभेवर नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सहज पिण्याजोग्या, मसालेदार रेड वाइनची चव कशी घ्यावी, याविषयी आलेला लेख आवडीने वाचला. त्यातील बहुतेक सूचना उपयोगी आहेत. मात्र हा मसाला ‘जिभेला तिखट लागतो’ आणि ज्याला तो जाणवत नाही त्याची ‘जीभ अजून तयार झालेली नाही’, ही दोन विधाने पटली नाहीत. दुसऱ्या विधानाच्या कक्षेत तर मी स्वतःच येतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

तिखटपणा ही काटेकोर अर्थाने चव नव्हेच. मिरचीतील कॅप्सायसिन उष्णता आणि वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, म्हणून तोंड पोळल्यासारखे वाटते. वाइनमध्ये कॅप्सायसिन नसते आणि मिऱ्याला झोंबरेपणा देणारे पायपरीनही नसते. सिरा जातीच्या द्राक्षांच्या वाइनमध्ये (ऑस्ट्रेलियात याच द्राक्षाला शिराझ म्हणतात) मिऱ्याची जी आठवण होते, ती सर्वस्वी गंधाची असते. त्या गंधामागचे रोटंडोन हे संयुग २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ओळखले, आणि काळ्या मिऱ्याच्या वासातही त्याचाच मोठा वाटा असल्याचे दिसून आले. रेड वाइनच्या एका लिटरमध्ये ते अवघे १६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे १६ अब्जांश, असले तरी बहुतेकांच्या नाकाला पुरते.

बहुतेकांच्या म्हटले, कारण त्याच अभ्यासात चाचणी घेतलेल्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांना हा गंध साध्या पाण्यातसुद्धा आला नाही, तोही इतरांना पुरणाऱ्या प्रमाणाच्या कित्येक पट रोटंडोन मिसळूनही. मी बहुधा त्यांच्यापैकीच असावा. अनेक वर्षे सिराच्या पेल्यात नाक घालून मी मिरे शोधत आलो आणि दर वेळी मला काळ्या द्राक्षांचा, जांभळाच्या जवळ जाणारा, फळाचाच वास येत राहिला. शेजारी बसलेला मित्र ‘मिरे, मिरे’ म्हणत असताना तो पुस्तकी वर्णन पाठ म्हणून दाखवतो आहे, असा माझा समज होता. तो समज चुकीचा होता, हे मी त्याच्यापाशी कबूल केले आहे. पण माझ्या नाकातली ही उणीव सरावाने भरून निघेल असे सांगणे म्हणजे रंगांधळ्याला नीट बघायला सांगण्यासारखे आहे.

लेखकाने आणखी एक भेद करायला हवा होता. रोटंडोन द्राक्षाच्या सालीत तयार होते आणि थंड हवेच्या मळ्यांत, सावलीतल्या घडांत त्याचे प्रमाण जास्त आढळते. फ्रान्समधील उत्तर ऱ्होन खोऱ्याच्या वाइनला मिऱ्याच्या गंधाची ख्याती आहे, ती याच द्राक्षामुळे. लवंगेसारखा गंध मात्र बहुधा ओकच्या पिंपातून येतो, कारण त्या लाकडात लवंगेतलेच युजेनॉल असते, आणि व्हॅनिलाची आठवण करून देणारा वासही तिथलाच. तो मलाही स्पष्ट येतो. एक मसाला मळ्यातला आणि दुसरा पिंपातला असताना दोन्ही ‘मसालेदार’ या एकाच शब्दात कोंबले, तर पेल्यात नेमके काय आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. नाक चिमटीत धरून एक घोट घ्यावा आणि गिळण्यापूर्वी चिमूट सोडावी. नाक बंद असताना आंबटपणा कळतो, सालीबियांतल्या टॅनिनमुळे लाळेचा ओशटपणा जाऊन तोंड कोरडे पडते तो तुरटपणाही कळतो, पण फळ आणि मसाला दोन्ही गायब होतात. चिमूट सुटताच घशामागून नाकात चढणाऱ्या वाफेबरोबर ते परत येतात. नाक बंद असतानाही घशाशी जी ऊब जाणवते, ती अल्कोहोलची. माझा अंदाज असा की लेखकाला लागलेले ‘तिखट’ हेच असावे, कारण पेला कोमट झाला की ही झोंब वाढते. सहज पिण्याजोगी रेड वाइन १५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवली, तर अल्कोहोल मागे राहते आणि फळ पुढे येते. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा लेखातला सल्ला त्यामुळे उबदार खोलीत अंगाशी येईल.

‘सहज पिण्याजोगी’ या शब्दांविषयी मात्र तक्रार नाही. तुरटपणा बेताचा, फळ पिकलेले आणि पिंपाचा वास हलका असेल तर वाइन विनासायास घशाखाली उतरते, आणि हे वर्णन माझ्यासारख्या अर्ध्या नाकाच्या माणसालाही तंतोतंत पटते. फक्त ती सौम्य लागते म्हणून तिच्यात अल्कोहोल कमीच असेल असे नाही. पिकलेल्या फळाआड १४ टक्केही सहज लपतात, तेव्हा बाटलीवरचा आकडा वाचलेला बरा.

पुढील लेखात मसाल्याचा उल्लेख आला, तर तो मिऱ्याचा की लवंगेचा, एवढे लेखकाने कृपया नावानिशी लिहावे. लवंगेची असेल ती मी चाखून बघेन. मिऱ्याची मित्राकडे पाठवीन.

आपला विश्वासू,
एक वाचक