काय होत नाही, ते गेटवर लिहा

संपादक महोदय,

मी घाटंजी तालुक्यात आशा म्हणून काम करते. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत गावातल्या एका सुनेचं पाचव्या महिन्यातच पाणी गेलं. अंगात फणफणून ताप. जवळचा दवाखाना एका धार्मिक संस्थेचा. डॉक्टरीणबाई चांगल्या, बाळंतपणाला तिथंच जा, असं मीच बायांना सांगते. पण त्या म्हणाल्या, "बाळाचे ठोके सुरू आहेत. आमच्या संस्थेत पिशवी खाली करत नाहीत." चिठ्ठीवर मात्र लिहिलं, 'सोय उपलब्ध नाही'. सोय सगळी होती! यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला नेली, म्हणून वाचली.

१९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात स्पष्ट आहे: जीव वाचवायला गर्भपात तातडीचा असेल, तर आठवड्यांची मर्यादाही नाही अन् दुसऱ्या डॉक्टरचं मतही लागत नाही. सज्ञान बाईला नवऱ्याची सहीसुद्धा नको. (सासरे तिथंही सहीसाठी पेन शोधत होते.) आयर्लंडमध्ये २०१२ साली सविता हलप्पनवार या भारतातून तिथं गेलेल्या गरोदर बाई, अशाच ठोके सुरू म्हणून गर्भपात नाकारल्यावर, जंतुसंसर्गानं गेल्या; तिथला कायदा २०१८ मध्ये बदलला.

संस्थेची श्रद्धा संस्थेपाशी. पण इथं काय होत नाही, ते गेटवर मराठीत लिहा आणि आम्हा आशांना आधी कळवा. मी गाडी सरळ यवतमाळला घेईन.

– एक आशा कार्यकर्ती, ता. घाटंजी, जि. यवतमाळ