बाजूला ठेवलेले पैसे सोसायटीत अडकलेत, साहेब

मा. मंत्री महोदय,
कर्नाटक सरकार

स.न.वि.वि.

नाव मुद्दामच घालत नाही. दूधगंगेला पाणी आलं की येणारे मंत्री वेगळे असतात, भाषण तेवढं एकच असतं.

गेल्या आठवड्यात आपण आमच्या चिक्कोडी तालुक्यात येऊन गेलात. नुकसानभरपाईचं विचारल्यावर म्हणालात, "सगळं सरकारनंच द्यायचं का? प्रत्येक कुटुंबानं सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला पाहिजे." टाळ्याही पडल्या. पुढच्या रांगेत आपलेच लोक होते म्हणा.

सल्ला चांगला आहे, फक्त आम्हाला उशिरा मिळाला. ऑगस्ट २०१९च्या पुरात आमचं माजघर आणि मागची भिंत गेली. पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख, असं सरकारनं जाहीर केलं होतं. सर्व्हेला आलेला माणूस चप्पल चिखलात जाईल म्हणून रस्त्यावरूनच फोटो काढून गेला. फोटोत पुढची भिंत उभी होती, घर थोड्या पडझडीच्या 'सी' गटात पडलं. पन्नास हजार! गवंडी त्यावर हसला. उंचावर प्लॉट देतो म्हणाला होतात, त्याचं तर आता कुणी नावही काढत नाही.

तेव्हापासून बायको दर दहा दिवसांच्या दुधाच्या बिलातून पैसे काढून गावच्या क्रेडिट सोसायटीत ठेवायची. उसाचं बिल आलं की त्यातलंही. बँकेत का नाही? बँक लांब, तिथली स्लिप कन्नड नाहीतर इंग्रजी; सोसायटीतला पोरगा गावचा, मराठीत बोलणारा. पाटीवर नोंदणी क्रमांक, भिंतीवर पुढाऱ्यांचे उद्घाटनाचे फोटो. मग एके दिवशी शटर खाली आलं, त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, असल्या सोसायटीतल्या ठेवीला नसतो, हे तेव्हा कळलं. फीत कापायला आलेल्यांनी हे सांगायला नको होतं?

पीकविमाही आहे बरं का. सोयाबीनचा दोन टक्के हप्ता वेळेवर भरतो. नुकसान ७२ तासांत कळवायचं. बंधारा पाण्याखाली, लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही, म्हैस शाळेच्या व्हरांड्यात बांधलेली, आणि मी ७२ तास मोजत बसायचं! कळवलं तेव्हा मुदत संपलेली. उरली सरकारी मदत. केंद्राच्या निकषात जिरायतीला हेक्टरी ८,५००, म्हणजे एकराला ३,४००, तेही दोन हेक्टरपर्यंतच. राज्यानं वर भर घातली तरी एकरी पंधरा-वीस हजार मातीत गेलेत, ते कुठून भरून निघणार?

मग बायकोच्या नावानं मायक्रोफायनान्सचं कर्ज काढलं. जबरदस्तीनं वसुली करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, असा कायदा आपण २०२५मध्ये केलात. अभिनंदन. दर गुरुवारी सकाळी दारात मोटारसायकल लागते, त्या पोराला हा कायदा कुणीतरी वाचून दाखवा. आमच्या गल्लीत चार घरांत मिळून एक तरी डाग सराफाकडं गहाण आहे. आकडा कमीच सांगतोय.

आणि हे पाणी कुणाचं? महाराष्ट्र म्हणतो तुमच्या अलमट्टी धरणाचं, तुम्ही म्हणता त्यांच्या कोयना-काळम्मावाडी धरणांचं. त्यात अलमट्टी ५१९ मीटरवरून ५२४वर न्यायचा तुमचा हट्ट. तिकडचं सरकार सीमाभागातली ८६५ गावं आमचीच म्हणतं, २००४पासून सुप्रीम कोर्टात भांडतं, पण पंचनाम्याला तिकडचा तलाठी येत नाही. तुम्ही बेळगावात सुवर्णसौध हे विधानभवन बांधून हा मुलूख आमचा म्हणता, आणि पुराची नोटीस चावडीवर फक्त कन्नडात लावता. हक्क सांगायला दोन सरकारं, गाळ उपसायला आम्ही! निवडणुकीत मात्र हेच पुढारी घरोघरी छान मराठी बोलतात.

घराचा फेरसर्व्हे करा, पण आत येऊन. सोसायटीच्या संचालकांकडून किती वसुली झाली आणि ठेवीदारांचा नंबर कधी, ते चावडीवर लावा, मराठीतही. विम्याचे ७२ तास पाणी उतरल्यापासून मोजा. हिवाळी अधिवेशनाला बेळगावला याल तेव्हा इकडं फिरका. त्या दिवसांत बंधाऱ्यावरून गाडी जाते, चप्पलही खराब होत नाही.

आपला,
दूधगंगेकाठचा एक ठेवीदार