विश्रामबागवाडा वापरात राहिला म्हणून टिकला

माननीय संपादक,

‘विश्रामबागवाड्यातील सर्व कचेऱ्या हलवून तेथे केवळ संग्रहालय करावे’ अशी सूचना करणारे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यामागची कळकळ पटते, पण सूचना पटत नाही.

दुसऱ्या बाजीरावाने निवासासाठी बांधलेल्या या वाड्यात पेशवाई बुडाल्यावर, १८२१ मध्ये, ‘दक्षिणा’ निधीतील, म्हणजे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्यासाठी राखलेल्या, रकमेवर संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि याच पाठशाळेतून पुढे डेक्कन कॉलेज आकाराला आले. १८७९ च्या आगीत वाड्याचा पूर्वेकडील भाग जळाला, तेव्हा लोकवर्गणी आणि नगरपालिकेचा पैसा यांतून तो पुन्हा उभारण्यात आला. राजवाडा म्हणून त्याचे महत्त्व केव्हाच संपले होते, तरीही गावाने खिशातून पैसे काढले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे काही दशके शहराचा कारभारही येथूनच चालला. टपाल कार्यालयामुळे तर, इतिहासाशी एरवी काही देणेघेणे नसलेला माणूसही सागवानी खांबांच्या या वास्तूत पाऊल ठेवत आला आहे.

वास्तूला धोका वापरामुळे नव्हे, तर बेपर्वा वापरामुळे पोहोचतो. लाकूडकामावर ठोकलेले खिळे, लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि गळकी छपरे यांवर महापालिकेने कठोर नियम करावेत. प्रदर्शन अवश्य असावे, पण त्याच्या जोडीला पेठांतील विद्यार्थ्यांसाठी एखादे दालन अभ्यासिका म्हणून खुले करावे, अशी माझी विनंती आहे.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे