रिफ्लेक्टर लावलेत, आता गाडीखालीही बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गळीत हंगाम तोंडावर आला की ऊसवाहतुकीच्या गाड्यांना रिफ्लेक्टर लावल्याचे फोटो आपल्या अंकात येतात. काम चांगलंच आहे. अंधारात उभी ट्रॉली दिसली तर एखाद्या दुचाकीवाल्याचा जीव वाचतो. पण पट्टी चिकटवून फोटो काढणाऱ्यांपैकी कुणी वाकून गाडीखाली बघताना मला आजवर दिसलं नाही. मी पाट्यांचा मिस्त्री, म्हणजे गाडीखाली वजन पेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्यांचं काम करणारा. माझं आयुष्यच गाडीखाली गेलं, म्हणून हे पत्र.

दसरा झाला की आमच्याकडं रांग लागते. मागणी ठरलेली : "मिस्त्री, मागं दोन-दोन पाटे वाढवा, गाडी बसली नाही पाहिजे." गाडी बसली नाही म्हणजे वजन पेललं, असा मालकांचा पक्का समज. पाटे वाढवले की फक्त कमान, म्हणजे एकावर एक बसवलेल्या पाट्यांचा संच, कडक होते. हौझिंग (मागच्या चाकांच्या दांड्याचं आवरण), बेअरिंग, ब्रेक ड्रम, टायर, चासी (गाडीचा सांगाडा) सगळं कंपनीनं दिलेलं तेच राहतं. २०१८ साली केंद्र सरकारनं सहा टायरी ट्रकची भरल्या वजनाची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. त्यानं जुन्या गाडीचे ड्रम काही रुंद झाले नाहीत.

ब्रेकचं जरा सविस्तर सांगतो, कारण ते पुष्कळ मालकांच्याही ध्यानात नसतं. बऱ्याच ट्रकांत मागच्या हौझिंगपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी गेलेली असते. माल भरला की चासी खाली येते, दांडी फिरते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त हवा सोडतो. जादा पाट्यांनी चासी खाली येऊच दिली नाही, तर व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच. म्हणजे हौद्यात टनावारी ऊस आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा! पाट्यांचं काम केलं की या दांडीचं सेटिंग तपासलंच पाहिजे. माझ्याकडं येणाऱ्या काही गाड्यांत ती तारेनं बांधून टाकलेली असते. परतीला वेगळीच तऱ्हा. कडक कमानीवर रिकामी गाडी उडत जाते आणि खड्ड्यात ब्रेक मारला की चाक रस्ता सोडतं.

थकलेले पाटे बदलावेत, त्याला माझी ना नाही, तो माझा धंदाच आहे. पण दोन्ही बाजूंचे जोडीनं आणि कंपनीच्याच जाडीचे. बसलेला पाटा गॅसवर तापवून घणानं पुन्हा बाक आणून देणारे आहेत. तसं केलं की पोलादाचं पाणी उतरतं, त्याची ताकद जाते आणि चार दिवसांत पाटा पुन्हा बसतो. वेल्डिंग केलेला पाटा तर जोडाशेजारीच तुटतो. चिरेतून आधी तांबूस भुकटी दिसते. ती ड्रायव्हरला दिसली पाहिजे, पण त्याला बघायला वेळ कोण देतो? नवे पाटे बसवल्यावर पहिल्या भरल्या खेपेनंतर यू-बोल्ट (पाटे हौझिंगला धरून ठेवणारे बोल्ट) आवळायला या म्हणून सांगतो, फार थोडे येतात. यू-बोल्ट ढिला राहिला की पाट्यांच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट तुटतो, हौझिंग सरकतं आणि गाडी तिरकी चालायला लागते.

ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्यांचं तर विचारूच नका. काहींना पाटे असतात, काहींचा आस (चाकांचा दांडा) थेट सांगाड्याला जोडलेला. ऊस मागं लांबवून रचला की वजन आसाच्या मागं जातं, हुकावर भार राहत नाही आणि ट्रॉली शेपूट हलवू लागते. सगळा भार पुढं लोटला तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात, हा तमाशा आपल्या भागात सगळ्यांनी बघितलाय. दोन ट्रॉल्या असल्या की पहिलीचा हेलकावा दुसरीत वाढून उतरतो. जोड बघावा तर भोक झिजून लांबट झालेलं आणि पिनेच्या जागी टॉमीचा (लोखंडी दांड्याचा) तुकडा, तोही बिनालॉकचा. इथं पाटे वाढवून काही साधत नाही. भोक भरून नीट करा, मापाची पिन घाला, तिला लॉक लावा. खर्च किरकोळ आहे.

आता मूळ दुखणं. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, त्यामुळं एका खेपेत जेवढं कोंबता येईल तेवढं कोंबायचं. आणि हे काही चोरून होत नाही. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचं भरलेलं आणि रिकामं वजन पावतीवर छापून येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणं जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे, आणि तो गाडी चालवायला लावणाऱ्यालाही लागू होतो. तरी पोलीस नाक्यावर ड्रायव्हरलाच धरतात.

परिवहन विभागानं आणि साखर आयुक्तालयानं मिळून एवढं करावं : ऊसवाहतुकीचा करार करतानाच ट्रॉलीचा जोड, पाटे आणि ब्रेक कारखान्याच्या आवारात तपासावेत, आणि काट्याच्या पावत्यांवर जी गाडी वारंवार मर्यादेबाहेर दिसेल तिची पुढची खेप तिथंच थांबवावी. तपासायला माणूस कमी पडला तर आमच्यासारखे मिस्त्री हंगामाआधी आठ दिवस द्यायला तयार आहेत.

आपला वाचक,
एक पाटे-मिस्त्री, पेठ नाका (जि. सांगली)