‘चालू’ आणि ‘बंद’ची बटणं वेगळी हवीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरातल्या टीव्ही-ऑडिओवर आपल्या रविवारच्या पुरवणीत जो लेख आला, त्यात ‘रिमोटचे दिवस आता भरले, यापुढे सगळं फोनवर आणि आवाजावर चालेल’ असं म्हटलं आहे. लेखातली बाकी माहिती मला उपयोगी वाटली. पण त्या वाक्याशी अडखळले, म्हणून हे पत्र. आमच्या घरातला टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर आणि डीव्हीडी प्लेअर एका प्रोग्रामेबल रिमोटवर चालतात. तो रिमोट मी स्वतः प्रोग्राम केला आहे. तो नसेल तर माझ्या यजमानांना आपल्या हाताने टीव्ही लावता येणार नाही.

यजमानांना नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. या आजारात हात थरथरतात हे बहुतेकांना माहीत असतं. आवाज खाली जातो, हे फारसं कुणाला माहीत नसतं. शेजारी बसूनही मला त्यांचा शब्द दोनदा विचारावा लागतो. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या यंत्राला तो कसा कळावा? फोनचं म्हणाल, तर गुळगुळीत काचेवर त्यांचं बोट एका जागी राहत नाही. टेकतं, घसरतं, पुन्हा टेकतं आणि भलतंच काही उघडतं. लेखात सांगितलेल्या या दोन्ही वाटा त्यांच्यासाठी बंद आहेत. बटण मात्र त्यांना दाबता येतं. ज्याला कड आहे, जे दाबल्यावर खाली जातं आणि दाबलं गेल्याचं बोटाला कळतं, असं बटण.

मी तीस वर्षं टायपिस्ट म्हणून नोकरी केली. न बघता बोटांनी काम करणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. संगणकाच्या कीबोर्डवर एफ आणि जे या दोन अक्षरांवर बारीक उंचवटा असतो, तेवढ्यावर दहाही बोटं आपापली जागा धरतात. बऱ्याच रिमोटवर पाचच्या आकड्यावरही तसा ठिपका असतो. तो कुणीतरी विचार करून दिलेला आहे. विचार करून दिलेल्या अशा गोष्टी हळूहळू कमी होत चालल्या आहेत, हे मला मनापासून सांगायचं आहे.

आमची अडचण सुरू झाली ती पॉवरच्या बटणापासून. टीव्हीच्या रिमोटवर ते एकच असतं. टीव्ही बंद असेल तर त्याने चालू होतो, चालू असेल तर बंद. धडधाकट माणसाला यात काही खटकत नाही. पण पार्किन्सन्सचा कंप विसावलेल्या हाताला जास्त असतो. अंगठा बटणावर टेकवून ठेवला की तो आपोआप हलू लागतो आणि बटण दुसऱ्यांदा दाबलं जातं. टीव्ही उजळायचा आणि विझायचा. पुन्हा दाबलं की पुन्हा तेच. मी आतून येईपर्यंत यांनी रिमोट बाजूला ठेवलेला असायचा. ‘राहू दे, आज नको,’ एवढंच म्हणायचे. पुढे त्यांनी संध्याकाळचं गाणं ऐकणंच सोडून दिलं. मला वाटलं, आजारामुळे मन लागत नाही. मन लागत होतं, बटण लागत नव्हतं. हे समजायला मला सहा महिने लागले आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

रिमोटमधून नेमकं काय जातं, ते मी त्यानंतर शिकले. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश एका सेकंदात साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याचे लांब-आखूड तुकडे पाडून निरोप पाठवला जातो. खूप वापरात असलेल्या, एनईसी या जपानी कंपनीच्या पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांची एक सलग चमक येते. ती म्हणजे ‘लक्ष द्या’. मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता आणि त्यानंतर ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ खुणा: उपकरणाचा पत्ता, तोच उलटा करून (शून्याच्या जागी एक, एकाच्या जागी शून्य), मग आज्ञा, आणि तीही उलटी करून, म्हणजे चूक झाली तर पकडता यावी. सगळा निरोप ६८ मिलिसेकंदांच्या आत संपतो. बटण दाबून धरलं तर नुसता ‘तेच चालू आहे’ असा छोटा इशारा दर १०८ मिलिसेकंदांनी जातो. बोट क्षणभर उचलून पुन्हा टेकलं की मात्र संपूर्ण नवा निरोप जातो. थरथरत्या बोटाची अडचण नेमकी इथे आहे.

यावर उपाय जुनाच आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिमोटचे संकेत ऐकून लक्षात ठेवणारा ‘कोअर’ नावाचा रिमोट अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी १९८७ मध्ये बाजारात आणला होता. आमचा रिमोट त्याच जातीचा आहे. दोन रिमोट नाकासमोर नाक आणून ठेवायचे, जुन्याचं बटण दाबायचं, नवा ते शिकतो. शिवाय एका बटणामागे अनेक आज्ञांची माळ ओवता येते, तिला मॅक्रो म्हणतात. आमच्या ‘गाणी’ या बटणाने टीव्ही चालू होतो, मग नऊ सेकंद काहीच होत नाही, कारण टीव्ही पुरता जागा होईपर्यंत काही ऐकत नाही. त्यानंतर दुसऱ्या क्रमांकाचं एचडीएमआय (चित्र आणि आवाज आणणारी केबल जिथे लागते ती खाच) निवडलं जातं, अ‍ॅम्प्लिफायर चालू होतो आणि त्याचा इनपुट बदलतो. ती नऊ सेकंदं मी सहापासून एकेक वाढवत ठरवली. आठला दहातल्या दोन वेळा चुकायचं, नऊला कधी चुकलं नाही.

रिमोटवर पुठ्ठ्याची एक चौकट कापून बसवली आहे. पाच बटणांपुरती पाच भोकं, बाकी सगळं झाकलेलं. चालू, बंद, गाणी, आवाज जास्त, आवाज कमी. ‘चालू’वर नेलपॉलिशचे तीन थर देऊन उंचवटा केला आहे. रिमोट हातात धरावाच लागत नाही. खुर्चीच्या हाताला एक लाकडी फळी जोडली आहे, तिच्यावर तो टीव्हीच्या दिशेने थोडा तिरका पक्का बसवला आहे. हे महत्त्वाचं, कारण मॅक्रो चालू असताना रिमोटचं तोंड वळलं तर अर्ध्या आज्ञा पोहोचतात आणि अर्ध्या हवेत जातात.

आता माझा मुख्य मुद्दा. या सगळ्याचा पाया म्हणजे ‘चालू’ आणि ‘बंद’ यांचे वेगळे संकेत. जाणकार त्यांना डिस्क्रीट कोड म्हणतात. ‘चालू’ची आज्ञा चालू टीव्हीला दिली तर काहीच होत नाही, यांनी ती पाच वेळा दाबली तरी टीव्ही चालूच राहतो. माळेतली एखादी आज्ञा चुकली तर बटण पुन्हा दाबायचं. जे झालं होतं ते तसंच राहतं आणि राहिलं होतं तेवढं होतं. एकच उलटसुलट बटण असेल तर मात्र दुसऱ्यांदा दाबल्यावर टीव्ही बंद आणि अ‍ॅम्प्लिफायर चालू, असा घोळ होतो. इनपुटचंही तेच. एकेक करत पुढे सरकणारं बटण उपयोगाचं नाही, ‘दोन नंबरवर जा’ अशी थेट आज्ञा लागते. बहुतेक एसींच्या रिमोटमध्ये पाहा, प्रत्येक वेळी चालू की बंद, किती अंश, पंखा किती, अशी सगळी स्थिती एकदम जाते. टीव्हीला निदान दोन शब्द वेगळे समजावेत एवढंच मागणं आहे.

दोन वर्षांपूर्वी जुना टीव्ही बिघडला आणि नवा आला. आमचा रिमोट ज्या कंपनीचा आहे तिने तोवर आपली वेबसाइट बंद केली होती. प्रोग्रामिंग तिथे खातं उघडूनच करावं लागत असे. मी पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत काही बदलण्याचा रस्ताच उरला नाही, आणि याची आधी साधी सूचनाही मला मिळाली नव्हती. सुदैवाने नाकासमोर नाक धरून शिकण्याची सोय रिमोटच्या आतच होती आणि मॅक्रोही आतच साठवलेले होते. बटणांना नवे संकेत शिकवले की तीच माळ नव्या टीव्हीला लागू होणार होती. पण शिकवणार कशावरून? नव्या टीव्हीच्या रिमोटवर पॉवरचं बटण एकच. ‘चालू’चा संकेत ऐकवायला बटण तर हवं ना.

तेव्हा भाचा धावून आला. त्याने अर्डुइनो नावाच्या, हवं तसं प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किटच्या पाटीला एक अवरक्त एलईडी जोडली. तिचा प्रकाश जातो की नाही ते फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं. डोळ्यांना न दिसणारा तो प्रकाश पडद्यावर फिकट जांभळा दिसतो. मग त्याने टीव्हीचा पत्ता तोच ठेवून आज्ञेचे आकडे ० ते २५५ एकेक करून पाठवले. मी वही घेऊन बसले आणि प्रत्येक आकड्यापुढे टीव्हीने काय केलं ते लिहीत गेले. अशा दोन फेऱ्या केल्या, एक टीव्ही चालू असताना आणि एक बंद असताना. दोन संध्याकाळी गेल्या. एका आकड्याने कारखान्यातल्या तपासणीचा मेनू उघडला. तो काही न बदलता बंद केला आणि आकडा लाल शाईने लिहून ठेवला, म्हणजे तो चुकूनही पुन्हा कुणी पाठवू नये. आणि ‘चालू’ सापडलं. ‘बंद’ सापडलं. तिन्ही एचडीएमआयचे थेट आकडेही सापडले. टीव्हीला ते सगळं पहिल्यापासून समजत होतं. फक्त रिमोटवर बटण नव्हतं आणि पुस्तिकेत एक अक्षर नव्हतं.

त्या दिवशी मला आनंद झाला आणि रागही आला. आठ बिटांत २५६ आज्ञा मावतात, रिमोटवर बटणं असतात फार तर पन्नास. जागा होती, संकेतही होते; छापायला अर्धं पान पुरलं असतं. ज्यांच्या घरी अर्डुइनो जाणणारा भाचा नाही त्यांनी काय करायचं?

पुढची अडचण त्याहून कठीण आहे. इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवण्यासाठी टीव्हीला लावायच्या ज्या छोट्या स्टिक मिळतात, त्यांतल्या अनेक आता ब्लूटूथवर चालतात. त्यांना अवरक्त प्रकाश दिसतच नाही, त्यामुळे शिकणाऱ्या रिमोटला ऐकायला काही नसतं. आमच्याकडे तशी एक आली. तिला मी टीव्हीमार्फत वळसा घालून गाठलं. एचडीएमआयच्या केबलमध्ये एक तार उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्यासाठीच असते, तिला सीईसी म्हणतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती सोय सुरू केली की टीव्हीला दिलेल्या बाणांच्या आज्ञा तो स्टिककडे पाठवतो. मात्र याच तारेमुळे स्टिक मधूनच जागी झाली की टीव्ही आपोआप सुरू व्हायचा. एकदा रात्री दोन वाजता झाला आणि हे घाबरून उठले. स्टिकला टीव्ही सुरू करू देऊ नये, अशी वेगळी सेटिंग सापडेपर्यंत मी रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करत होते.

संपादक महोदय, आपली पुरवणी टीव्हीची परीक्षणं छापते. पडद्याचा उजळपणा, रंग, आवाज, जाडी, सगळं त्यात असतं. त्यात आणखी दोन ओळी घालाव्यात अशी माझी विनंती आहे. या उपकरणाला अवरक्त रिमोट चालतो का? आणि ‘चालू’ व ‘बंद’ यांचे वेगळे संकेत त्याला समजतात का, समजत असतील तर कंपनी ते प्रसिद्ध करते का? परीक्षकांनी हे प्रश्न कंपन्यांना लेखी विचारावेत. उत्तर आलं नाही, तर आलं नाही असं छापावं. आमच्यासारख्या, अनेक उपकरणं चालवणाऱ्या युनिव्हर्सल रिमोटच्या परीक्षणात, खातं न उघडता तो प्रोग्राम करता येतो का, हेही विचारावं. टीव्ही घेताना दुकानात हे कुणाला सांगता येत नाही. मी विचारून पाहिलं आहे.

फोनवर चालणारी सोय येऊ द्या, आवाजावर चालणारीही येऊ द्या. ज्यांना ती जमते त्यांनी जरूर वापरावी. पण ती देताना बटण काढून घेऊ नका. काल संध्याकाळी मी बाहेर होते. परतले तेव्हा दारातच गाणं ऐकू आलं, आणि आवाजही यांनी स्वतः आपल्याला हवा तेवढा ठेवला होता.

आमच्या रिमोटचं ‘चालू’चं रबर आता झिजत आलं आहे. त्याच जातीचा दुसरा रिमोट मी वापरलेल्यांतून मिळवला आणि पहिल्यासमोर ठेवून त्याला सगळी बटणं शिकवून तयार ठेवला आहे. मॅक्रो मात्र त्यात घालता येत नाही, त्यासाठी ती बंद झालेली वेबसाइटच लागते. कुणा वाचकाला वेबसाइटशिवाय मॅक्रो घालण्याचा मार्ग ठाऊक असेल तर तो आपल्या सदरात जरूर लिहून कळवावा. माझ्या वहीतली २५६ आकड्यांची पानं कुणाला हवी असतील, तर त्यांची प्रत मी आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली नम्र,
एक निवृत्त टायपिस्ट